वाचकांचे प्रश्न : ‘५५ प्लस’ वसाहतीतले घर निवडताना

प्रश्न : आम्ही पतिपत्नी गेली ३४ वर्षे न्यू जर्सीतील एडिसन येथे राहत आहोत. माझे वय ६८, पत्नीचे ६५. मुलगा बॉस्टनजवळ असतो, मुलगी नॉर्थ कॅरोलिनात शार्लट येथे स्थायिक झाली आहे. चार बेडरूमचे दुमजली घर, हिवाळ्यातला बर्फ आणि उन्हाळ्यातले गवत हे सारे आता झेपेनासे झाले आहे, म्हणून ‘अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडल्ट’ म्हणवल्या जाणाऱ्या ५५ प्लस वसाहतीत जायचे आम्ही ठरवले आहे. वर्षभरात आम्ही तीन ठिकाणे पाहिली : जवळच मन्रो टाउनशिपमधल्या काही वसाहती, फ्लॉरिडातील ‘द व्हिलेजेस’ आणि फ्लॉरिडातच टव्हारिस येथील भारतीयांची ‘शांतिनिकेतन’ ही वसाहत. माझा कल ‘द व्हिलेजेस’कडे आहे, तिथली उमेद, रोज संध्याकाळचे संगीत, टेनिस हे पाहून मी हरखून गेलो. पत्नीला मन्रो हवे आहे. ‘शांतिनिकेतन’मधील आयते शाकाहारी जेवण आणि देवघर दोघांनाही आवडले, पण मन ठरत नाही. निवड कोणत्या कसोटीवर करावी?
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तिन्ही ठिकाणे आपण दोघांनी मिळून पाहिली आहेत, आणि आपले पत्रही ‘आम्ही’ने सुरू होते. माझी पहिली विनंती अशी, की हेच तीन पर्याय एकदा ‘मी’ या शब्दाने पडताळून पाहावेत. आपल्या पश्चात पत्नी त्या घरात एकट्या राहू शकतील का, आणि त्यांच्या पश्चात आपण राहू शकाल का? हा प्रश्न उच्चारणेही जड जाते, हे मी जाणतो. तरीही या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून मला सतत दिसत आले आहे, की घराची निवड चुकल्याची खंत बहुधा जोडपी लिहीत नाहीत. ती मागे राहिलेल्या एकाच्या पत्रात असते. दोघे धडधाकट असताना यांपैकी कोणतीही वसाहत चांगलीच वाटेल. घराची खरी परीक्षा दोघांपैकी एकाची प्रकृती ढासळल्यावर, किंवा गाडीची किल्ली मुलांच्या हाती द्यावी लागल्यावर होते.

त्यासाठी या वसाहती मुळात काय आहेत, हे आधी स्पष्ट असलेले बरे. अ‍ॅरिझोनातील फीनिक्सजवळ डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी ‘सन सिटी’ खुली केली, तेव्हा पहिल्याच सप्ताहान्ताला सुमारे एक लाख लोक नमुना-घरे पाहायला लोटले. निवृत्तीनंतरचे आयुष्य म्हणजे मोकळ्या वेळाचा उत्सव, ही कल्पना तिथून देशभर पसरली. पुढे १९८८ मध्ये मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना घर नाकारणे संघीय कायद्याने बेकायदा ठरले आणि ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट मिळाली : किमान ८० टक्के घरांत ५५ वर्षे पूर्ण झालेली निदान एक व्यक्ती राहत असली पाहिजे, वसाहतीने आपला हेतू जाहीर केला पाहिजे आणि रहिवाशांची वये वेळोवेळी तपासली पाहिजेत. त्या वेळी आणखी एक अट होती, ती म्हणजे ज्येष्ठांच्या गरजांना अनुसरून लक्षणीय सोयी आणि सेवा पुरवण्याची. १९९५ च्या दुरुस्तीने ती अट काढून टाकली. म्हणजे आज ‘५५ प्लस’ ही पाटी तिथे कोण राहू शकेल एवढेच सांगते. वय झाल्यावर तुमची काळजी कोण घेईल, याविषयी ती अवाक्षर काढत नाही. विक्रेते बोलण्याच्या ओघात ‘इथे सगळे आहे’ असे म्हणतात तेव्हा त्यातले ‘सगळे’ म्हणजे क्लबहाउस, पोहण्याचा तलाव, पत्त्यांची खोली आणि व्यायामशाळा. परिचारिका त्यात नसते.

मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, ही उणीव भरून काढील, असा समज आपल्या मंडळींत फार पसरलेला आहे. रुग्णालयात किमान तीन दिवस दाखल राहिल्यानंतर कुशल शुश्रूषेसाठी मेडिकेअर मर्यादित काळ, एका आजारपणात जास्तीत जास्त १०० दिवस, मदत करते, आणि त्यांपैकी पहिल्या २० दिवसांचाच खर्च पूर्ण उचलते. आंघोळ घालणे, कपडे चढवणे, जेवू घालणे, रात्री सोबत करणे अशा दीर्घकाळच्या देखभालीचा खर्च ती उचलत नाही. ‘असिस्टेड लिव्हिंग’मध्ये राहायचे तर दरमहा पाच-सहा हजार डॉलर किंवा त्याहूनही अधिक रक्कम स्वतःच्या खिशातून जाते. एकाच आवारात स्वतंत्र घर, मदतीचे घर आणि शुश्रूषागृह अशा तिन्ही पायऱ्या असलेल्या ‘कंटिन्युइंग केअर’ वसाहती वेगळ्या असतात. त्यांत मोठे प्रवेशशुल्क आणि दरमहाचे शुल्क असते, पण घर न बदलता पुढच्या पायरीवर जाता येते. आपण पाहिलेल्या तिन्ही ठिकाणच्या घरखरेदीत अशी हमी अंतर्भूत नाही. म्हणून तिथे जाताना ‘हे आपले शेवटचे घर’ असे मनाशी ठरवू नये. पुढची दहा-पंधरा वर्षे राहण्याचे आणि त्यानंतर सहज विकून बाहेर पडता येईल असे घर, या दृष्टीने ते पाहावे.

आता ‘द व्हिलेजेस’. २०१० ते २०२० या दशकातील जनगणनेत अमेरिकेतील सर्वांत वेगाने वाढलेला महानगर प्रदेश हाच होता, त्यामुळे आपल्याला तिथे जी उमेद दिसली ती खरी आहे. गोल्फ कार्टसाठी शंभर मैलांहून अधिक लांबीच्या वाटा आहेत, आणि फ्लॉरिडात प्रौढ व्यक्तीला सरकारी छायाचित्र-ओळखपत्रावर कार्ट चालवता येते, वाहनपरवाना लागत नाही. नजर थोडी मंदावल्यावर महामार्गावर गाडी घालण्याचे धैर्य उरत नाही, पण किराणा आणि डॉक्टर कार्टवरून गाठता येतात. ही सोय मी फार मोलाची मानतो. फ्लॉरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, हेही खरे. मात्र नव्या घराच्या किमतीखेरीज रस्ते आणि सांडपाण्याच्या बांधकामासाठी काढलेल्या रोख्यांचा बोजा त्या घरावर असतो. तो हजारो, कित्येकदा दहा-वीस हजारांच्याही वर डॉलरचा असतो आणि वर्षानुवर्षे मालमत्ता कराच्या बिलातून फेडावा लागतो. जुने घर घेतल्यास त्यातला किती भाग फिटला आहे, हे लेखी विचारावे. दरमहाचे सुविधाशुल्क वेगळे. वादळांमुळे घरविम्याचे हप्ते चढत गेले आहेत आणि विमा कंपन्या छपराचे वय विचारल्याशिवाय पुढे बोलत नाहीत. मध्य फ्लॉरिडाची जमीन चुनखडकाची असल्याने ती अचानक खचण्याचे प्रकार घडतात, म्हणून विम्यात तो धोका धरला आहे की नाही, हेही पाहावे.

पण माझी मुख्य शंका पैशाची नाही. आपण फ्लॉरिडाला फेब्रुवारीत गेला असाल असे मी धरून चालतो, कारण न्यू जर्सीची माणसे तिकडे तेव्हाच जातात. कृपया ऑगस्टमध्ये घर भाड्याने घेऊन निदान तीन आठवडे राहून पाहा. दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, हिवाळ्यापुरते आलेले शेजारी उत्तरेला परतलेले असतात, रोज संध्याकाळी गडगडाट होतो. त्या दिवसांत पत्नीचा वेळ कसा जातो याकडे लक्ष द्या. आपण टेनिस खेळता, त्यामुळे कोणत्याही गावात आपल्याला आठवड्याभरात चार मित्र मिळतील. पत्नी कशात रमतात, याविषयी आपल्या पत्रात एकही वाक्य नाही. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण निर्णयाआधी ते वाक्य आपण लिहून पाहावे आणि त्यांना वाचून दाखवावे, असे मनापासून वाटते.

‘शांतिनिकेतन’चे आकर्षण मी पूर्ण समजू शकतो. परक्या देशात चार दशके काढल्यानंतर सकाळी उपम्याचा वास यावा, आरतीला चार माणसे जमावीत, ही इच्छा अगदी रास्त आहे. आयत्या जेवणाचे महत्त्व तर एकट्या पडलेल्या माणसालाच कळते. पत्नी गेल्यानंतर चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. तरी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारणे कायद्याने निषिद्ध आहे. अशी वसाहत भारतीय असते ती प्रथेने आणि पसंतीने, कायद्याने नव्हे; वीस वर्षांनी शेजार कसा असेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. दुसरी गोष्ट विक्रीची : खरेदीदार ५५ वर्षांचा हवा, आणि बहुधा भारतीय शेजाराची ओढ असलेलाच हवा, म्हणजे ग्राहकांचे वर्तुळ लहान. घर विकून मदतीच्या ठिकाणी जाण्याची वेळ येते, तेव्हा सहा महिने थांबण्याचीही सवड नसते. तिसरी गोष्ट भाषेची. भारतीय म्हणजे मराठी नव्हे. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि माणूस मायबोलीकडे परततो, असे अनेकदा घडते. इंग्रजी आणि हिंदीवर आयुष्य काढलेल्या व्यक्तीशी त्या अवस्थेत मराठीत दोन शब्द बोलणारे त्या आवारात कितीजण आहेत, हे आपण मोजून आलात का? नसल्यास पुन्हा एकदा जावे, भोजनगृहात आठवडाभर जेवावे आणि मोजावे.

मन्रो आपल्या एडिसनपासून अर्ध्या तासावर आहे, म्हणून कदाचित ते आपल्याला साहसच वाटत नसेल. तिथे साठच्या दशकातल्या रॉसमूरपासून पुढच्या काळातल्या क्लिअरब्रुक, कॉनकॉर्डिया आणि अलीकडच्या रीजन्सीपर्यंत अनेक पिढ्यांच्या वसाहती शेजारी शेजारी आहेत. हीच मोठी सोय, कारण एकाच गावात जुने स्वस्त घर आणि नवे महाग घर दोन्ही पाहता येतात. आपले डॉक्टर बदलत नाहीत, ओक ट्री रोडवरची भारतीय दुकाने हाताशी राहतात, मराठी मंडळातली ओळखीची माणसे दिवाळीच्या कार्यक्रमाला घरून घेऊन जाऊ शकतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा ‘उत्तररंग’ हा उपक्रम ज्येष्ठांसाठीच आहे, आणि त्यातल्या गाठीभेटींतून जुळलेली मैत्री टिकवायची तर माणसे गाडीच्या टप्प्यात असावी लागतात. मालमत्ता कर मात्र देशात सर्वाधिक न्यू जर्सीतच. त्याच्या जोडीला हेही पाहावे, की न्यू जर्सी सोशल सिक्युरिटीवर कर लावत नाही, आणि ६२ वर्षांपुढील ज्यांचे एकूण उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आत आहे त्यांना निवृत्तिवेतनावरील करात मोठी सवलत देते. ‘सीनियर फ्रीझ’ योजनेत वाढलेला मालमत्ता कर परत मिळतो. पण घर बदलले की पुन्हा पात्र होण्यासाठी काही वर्षे जावी लागतात, तेव्हा घर बदलायचेच असेल तर ते लवकर बदलावे.

जागा कोणतीही निवडली तरी सही करण्यापूर्वी वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या असोसिएशनचे कागद मागून घ्यावेत : गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च, सभांची इतिवृत्ते आणि राखीव निधीचा अहवाल. माझ्या परिचयातील एका जोडप्याने क्लबहाउसच्या झुंबरावर भाळून घर घेतले. आठ महिन्यांत त्याच क्लबहाउसच्या छपरासाठी आणि रस्त्यांसाठी प्रत्येक घरामागे मोठी खास वर्गणी लावली गेली. इतिवृत्तांत ती चर्चा दोन वर्षे चालू होती. कोणी वाचली नव्हती. २०२१ च्या जूनमध्ये फ्लॉरिडातील सर्फसाइड येथे बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर फ्लॉरिडाने तीन किंवा अधिक मजल्यांच्या सामायिक मालकीच्या इमारतींसाठी तपासणी आणि राखीव निधी सक्तीचा केला, आणि न्यू जर्सीनेही जानेवारी २०२४ मध्ये कायदा करून असोसिएशनना राखीव निधीचा अभ्यास आणि ३० वर्षांचे निधी-नियोजन बंधनकारक केले. हे योग्यच झाले. पण वर्षानुवर्षे मासिक शुल्क मुद्दाम कमी ठेवणाऱ्या जुन्या वसाहतींत आता ती तूट भरून काढली जात आहे. म्हणून ‘आमचे मेंटेनन्स सर्वांत कमी’ असे कोणी अभिमानाने सांगितले, तर तिथे राखीव निधीचा आकडा आधी विचारावा. घर पुन्हा विकले जाताना नव्या खरेदीदाराकडून एकरकमी वर्गणी घेण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे. विक्रेते तिचा उल्लेख शेवटच्या दिवशी करतात.

एडिसनचे घर विकण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. मागच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षे स्वतः राहिलेले घर विकल्यास पतिपत्नींना पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर संघीय कर नाही, एकट्या व्यक्तीला अडीच लाखांपर्यंत. जोडीदाराच्या निधनानंतर दोन वर्षांच्या आत घर विकले तर मागे राहिलेल्या व्यक्तीला पाच लाखांची सवलत मिळते. ३४ वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात नफा त्याहून अधिक असण्याची शक्यता आहे, तेव्हा हिशेबनीसाकडून आकडा काढून घ्यावा. न्यू जर्सी सोडताना लागणारा ‘एक्झिट टॅक्स’ म्हणून जो बागुलबुवा उभा केला जातो, तो वेगळा कर नाही. घर विकून राज्य सोडणाऱ्याकडून राज्याचा अंदाजित कर आगाऊ घेतला जातो आणि विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते. या भीतीपोटी निर्णय फिरवू नये.

माझे मत आपण विचारले आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. आपल्या जागी मी मन्रोमध्ये एकमजली घर घेतले असते, ज्याच्या दारात पायरी नाही आणि ज्याच्या न्हाणीघराच्या दारातून चाकाची खुर्ची जाते. आणि वाचलेल्या पैशातून दर हिवाळ्यात दोन महिने ‘द व्हिलेजेस’मध्ये भाड्याने राहिलो असतो. टेनिस आणि संगीत आपल्याला भाड्याने मिळू शकते. पत्नीच्या तीस-चाळीस वर्षांच्या मैत्रिणी तशा मिळणार नाहीत. मुलांच्या गावी जाण्याचा मोह आपल्याला झालेला नाही, हेही मला बरे वाटले. मुले नोकरीमागे गाव बदलतात आणि आईवडील अनोळखी गावात राहून जातात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : माझे वय ४७, पतीचे ६०. आम्ही टेक्सासमध्ये राहतो आणि जॉर्जटाऊनच्या बाजूला ५५ प्लस वसाहतीत घर घेण्याच्या विचारात आहोत. पतीचे काही बरेवाईट झाले तर मला तिथून निघावे लागेल का? विचारायला संकोच वाटतो, पण कोणी सरळ उत्तर देत नाही. आमची मुलगी २२ वर्षांची आहे. पुढे ते घर तिला मिळेल ना?
एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास

उत्तर : संकोचाचे काहीच कारण नाही. वयात अंतर असलेल्या प्रत्येक जोडप्याने हा प्रश्न घर पाहण्याआधीच विचारावा.

संघीय कायदा ८० टक्के घरांविषयी बोलतो. उरलेली २० टक्के घरे तरुणांसाठी राखून ठेवावीत असे तो कुठेही म्हणत नाही. त्यांचे काय करायचे, हे तो वसाहतीवर सोडतो. म्हणून काही असोसिएशन प्रत्येक घरात ५५ वर्षांची एक व्यक्ती हवीच असा नियम करतात, काही जोडीदारासाठी ४५ किंवा ४८ अशी वेगळी किमान वयोमर्यादा घालतात, आणि बऱ्याच ठिकाणी निधनानंतर मागे राहिलेल्या जोडीदाराला वयाची पर्वा न करता राहू देण्याचे कलम असते. हे कलम वसाहतीच्या नोंदणीकृत नियमावलीत असावे लागते. विक्री कार्यालयातील ‘आम्ही कोणालाच काढत नाही’ हे तोंडी आश्वासन काही कामाचे नाही. नियमावलीत मागे राहिलेल्या जोडीदाराचा शब्दशः उल्लेख शोधावा, आणि तो सापडला तरी आणखी दोन गोष्टी असोसिएशनकडून लेखी घ्याव्यात : आपण पुनर्विवाह केल्यास नियम बदलतो का, आणि नियमावली पुढे दुरुस्त झाली तर आजच्या रहिवाशांचे हक्क अबाधित राहतात का. घराच्या नोंदीत दोघांची नावे असावीत, हे ओघानेच आले.

घटस्फोटाची किंवा पतीला दीर्घकाळ शुश्रूषागृहात ठेवावे लागण्याची शक्यताही नियमावलीत वाचावी. मृत्यूचा विचार केलेल्या पुष्कळ नियमावल्या या दुसऱ्या प्रसंगाविषयी गप्प असतात आणि ५५ वर्षांची व्यक्ती ‘राहत’ आहे की नाही, हा वाद तिथूनच उभा राहतो.

मुलीविषयी एवढेच, की मालकी आणि राहण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसाहक्काने घर तिच्या नावावर होऊ शकेल, ती ते विकू शकेल, नियम परवानगी देत असतील तर ५५ वर्षांपुढील भाडेकरूला देऊही शकेल. स्वतः मात्र तिथे राहू शकेलच असे नाही. लहान नातवंडे आल्यावरही मुक्कामाची मर्यादा असते. ‘द व्हिलेजेस’सारख्या ठिकाणी १९ वर्षांखालील पाहुण्याला वर्षात ३० दिवसच राहता येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडांना दीड-दोन महिने आजोळी ठेवण्याची आपली रीत तिथे नियमात बसत नाही, आणि मुलीवर काही प्रसंग येऊन ती लहान मुलासह माहेरी परतली, तर त्यांना कायमचे घरात ठेवून घेता येणार नाही. ही शेवटची शक्यता पतीशी बोलून घ्या. अनेक कुटुंबांनी केवळ एवढ्या एका कारणासाठी साध्या वस्तीतले लहान घर पसंत केले आहे आणि तो निर्णय मला कधीही अविचाराचा वाटलेला नाही.

प्रश्न : माझे आईवडील (वय ७२ आणि ७६) पुण्याहून ग्रीन कार्डवर कायमचे येत आहेत. आमच्या घरापासून २० मिनिटांवर एका ५५ प्लस वसाहतीत त्यांच्यासाठी घर घेऊन द्यावे, म्हणजे त्यांना समवयस्क सोबती मिळतील, असे मला आणि यजमानांना वाटते. दोघेही गाडी चालवत नाहीत. हे योग्य होईल का?
एक वाचक, शिकागोजवळ

उत्तर : आपला हेतू फार चांगला आहे, तरीही मी याला होकार देऊ शकत नाही. या वसाहतींची सारी रचना गाडी चालवणाऱ्या माणसासाठी केलेली असते. पुण्यात आपल्या आईवडिलांना भाजीवाला, देऊळ, वाचनालय आणि कट्ट्यावरची माणसे चालण्याच्या अंतरावर होती. इथे क्लबहाउसही अर्ध्या मैलावर असेल, आणि जानेवारीत तो अर्धा मैल चालण्यासारखा नसतो. समवयस्क सोबती मिळतील खरे, पण त्यांचे हास्यविनोद चाळीस वर्षांच्या अमेरिकी आठवणींवरचे असतील आणि आपले वडील त्यांत सौजन्याने हसत बसतील.

व्यवहाराच्या बाजूनेही अडचणी आहेत. मालक ५५ वर्षांखालील असला तरी राहणारे ज्येष्ठ असल्यास कायद्याची हरकत नसते. परंतु मालकाने स्वतः न राहता इतरांना ठेवण्यावर अनेक असोसिएशनची बंधने असतात, मग ते इतर म्हणजे आईवडील का असेनात. मेडिकेअर त्यांना लगेच मिळणार नाही. सलग पाच वर्षे कायम रहिवासी म्हणून इथे राहिल्यावर ते विकत घेता येते, आणि नोकरीचा इतिहास नसल्याने रुग्णालयाच्या भागासाठीच दरमहा माणशी पाचशे डॉलरहून अधिक हप्ता पडतो. तोपर्यंतच्या विम्याची तरतूद घराच्या आधी करायला हवी. हिवाळाभर पुण्यात आणि उन्हाळ्यात इथे, असा बेत असेल तर ग्रीन कार्ड टिकण्याच्या दृष्टीनेही वकिलाशी बोलावे, कारण लांबलचक अनुपस्थितीत कायम वास्तव्याचा हेतूच प्रश्नांकित होतो.

घर घेण्याचे एक वर्ष पुढे ढकला. आपल्याच घरात खालच्या मजल्यावर त्यांची सोय करता आली तर पाहावी. ते शक्य नसेल, तर भारतीय दुकान आणि बसथांबा चालण्याच्या अंतरावर असेल अशा ठिकाणी साधी सदनिका भाड्याने घ्यावी. ५५ प्लस वसाहतीचाच आग्रह असेल, तर तिथे वसाहतीची स्वतःची बस आहे का, ती आठवड्यातून किती वेळा आणि कुठवर जाते, रविवारी बंद असते का, हे विचारावे आणि त्या बसमधून आईला घेऊन स्वतः एकदा बाजाराला जाऊन यावे. शक्य झाल्यास तिथेच एखादे घर जानेवारी ते मार्च असे तीन महिने भाड्याने घेऊन दोघांना राहू द्यावे. एप्रिलमध्ये त्यांना काय वाटले ते आपण विचारावे, पण दोघांना वेगवेगळे विचारावे, कारण एकमेकांसमोर दोघेही ‘आमचे छान चालले आहे’ असेच सांगतील.